पाच लाख फुलांचं झाड

मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एखाद्या घराच्या अंगणात पूर्ण वाढलेलं ऑलिव्हचं झाड मोहरतं, तेव्हा त्याच्यावर साधारण ५,००,००० फुलं असतात. मोहर भरात आल्यापासून चौदा दिवसांत त्यातली सुमारे ४,९४,००० गळून जातात. म्हणजे दर मिनिटाला सरासरी चोवीस-पंचवीस फुलं, रात्रंदिवस, सलग दोन आठवडे. हे आकडे तिथल्या बागायतीच्या पुस्तकांत छापलेले आहेत आणि पहिल्यांदा वाचताना छपाईत एखादं शून्य जास्त पडलं असावं असंच वाटतं. पण आकडे बरोबर आहेत. शंभरातली एक-दोन फुलं फळाला लागली, की बागायतदार त्या वर्षाला चांगलं वर्ष म्हणतो. त्याहून फार जास्त फळं धरली, तर ती बारीक राहतात.

मोहराचा एक तुरा हातात घेतला की या गळतीचं कारण दिसू लागतं. पानाच्या बगलेतून निघालेल्या त्या बोटभर तुऱ्यावर पंधराच्या आसपास फुलं असतात, कधी तीसपर्यंतही जातात. एकेक फूल जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचं, पिवळसर पांढरं, चार पाकळ्यांचं. आत दोनच पुंकेसर. मोगरा, जाई आणि पारिजातक यांच्याही फुलांत दोनच पुंकेसर असतात, कारण ऑलिव्ह त्यांच्याच कुळातलं आहे. महाबळेश्वरच्या जंगलात दिसणारं पारजांभूळही याच गोतातलं. आता भिंग लावून तुऱ्यातली दोन फुलं शेजारी शेजारी पाहावीत. एकात मधोमध हिरवा, टपोरा बीजांडकोश दिसतो. दुसऱ्यात त्या जागी एक सुकलेला ठिपका असतो. दुसरं फूल फक्त पराग देणार, त्याला फळ धरणारच नाही. वरून मात्र दोन्ही अगदी सारखी दिसतात. कळ्या घडत असताना, म्हणजे उमलण्याच्या काही आठवडे आधी, झाडाला पाणी किंवा अन्न कमी पडलं तर अशी वांझ फुलं वाढतात. झाडानं तेव्हाच हिशेब करून ठेवलेला असतो, आपण तो मे महिन्यात पाहतो.

पाच लाख फुलं म्हणजे तेहतीस हजारांच्या आसपास तुरे. उरलेली सहा हजार फळं त्यांच्यावर वाटली, तर पाच-सहा तुऱ्यांमागे एक फळ येतं. मिशन किंवा मांझानिया जातीचं फळ चार-पाच ग्रॅमचं असतं, तेव्हा सहा हजार फळांचे झाले पंचवीस-तीस किलो. तेल काढायचं म्हटलं तर लिटरला पाच-सहा किलो फळं लागतात. पाच लाख फुलांमागे पाच लिटर तेल. लिटरला एक लाख फुलं, आणि कढईत ओतलेल्या एका चमच्यामागे पंधराशे.

हा सगळा पसारा मधमाश्यांच्या भरवशावर चालत नाही. ऑलिव्हचे पराग वारा नेतो, आणि वाऱ्याला पत्ता ठाऊक नसतो, म्हणून झाडाला ते बेहिशेबी उधळावे लागतात. स्पेनमधल्या हाएन प्रांतात मोहराच्या ऐन दिवसांत हवेच्या एका घनमीटरमागे हजारोंच्या संख्येनं परागकण मोजले जातात. माणूस दिवसाकाठी दहा-अकरा घनमीटर हवा श्वासातून घेतो. त्या दिवसांत तिथला प्रत्येक रहिवासी किती परागकण ओढत असेल, याचा गुणाकार वाचकानंच करावा. अमेरिकेतल्या ॲरिझोनात टुसानच्या परिसरात १९८० च्या दशकात आणि लास व्हेगसच्या परिसरात १९९१ मध्ये पराग सोडणारं ऑलिव्ह नव्यानं लावायला बंदी आली, ती ॲलर्जीमुळेच. घरी झाड लावणाऱ्यानं यातून एवढंच घ्यायचं, की शेजारी दुसऱ्या जातीचं एखादं झाड असेल तर फळधारणा सुधारते, आणि घरात कोणाला परागांचा त्रास असेल तर झाड खिडकीजवळ लावू नये.

पण हा सगळा मोहर मुळात यायला हवा. घरी ऑलिव्ह लावणाऱ्या बहुतेकांची गाडी इथंच अडते, आणि माझ्या मते ऑलिव्हबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा लाखांतला नाही, शेकड्यांतला आहे: थंडीचे तास. बागकामाच्या पुस्तकांत ठोकताळा दिलेला असतो, ७ अंश सेल्सिअसच्या खाली २०० ते ३०० तास. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी जेमतेम साडेतीन टक्के. तेवढी थंडी अंगावरून गेली नाही, तर झाड मरत नाही, पिवळं पडत नाही, उलट छान वाढतं, रुपेरी हिरव्या पानांनी भरून जातं. फक्त मोहर येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथं हडसन हार्टमन या संशोधकानं १९५० च्या दशकात या थंडीच्या मागे लागून प्रयोग केले. हिवाळाभर उबदार काचघरात ठेवलेली झाडं नुसतीच वाढली, फुलली नाहीत. कायम १२.५ अंशांवर ठेवलेल्या झाडांना मोहर भरपूर आला, पण त्यातली बहुतेक फुलं वांझ निघाली. रात्री बरीच थंडी आणि दुपारी माफक ऊब, असा रोजचा चढउतार मिळालेल्या झाडांना मात्र खरी, फळ धरणारी फुलं लागली. डेव्हिसचा जानेवारी नेमका तसाच असतो: रात्री ४ अंशांच्या आसपास, दुपारी १३. म्हणून नुसते ७ अंशांखालचे तास मोजणं अपुरं पडतं. दुपार किती तापते हेही पाहावं लागतं, कारण रात्री साठलेली थंडी गरम दुपार पुसून टाकते.

आता पुण्याचा जानेवारी पाहा. रात्री ११-१२ अंश, काही रात्री त्याहूनही खाली, आणि दुपारी ३०. पुणेकरांना स्वेटर काढावा लागतो, पण ऑलिव्हच्या लेखी हा हिवाळा नाहीच. मुंबईचा तर विषयच नको. आपल्याकडच्या रोपवाटिकांमधून ऑलिव्हची सुबक रोपं मिळतात, बाल्कनीत ती शोभूनही दिसतात, आणि वर्षानुवर्षं फळ का नाही म्हणून लोक खत बदलतात, कुंडी बदलतात, पाणी कमी-जास्त करतात. दोष त्यांच्या हाताचा नसतो. जे कमी पडतं ते कोणत्याच खताच्या पोत्यात मिळत नाही.

मग अक्षांशाचा दोष का? तसंही नाही, आणि इथं ही गोष्ट फार रंगतदार होते. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. पेरू देशातला टाक्ना हा भाग अठरा अंश दक्षिणेला, म्हणजे विषुववृत्ताच्या पलीकडे पुण्याइतकाच दूर. टाक्ना हा पेरूतला ऑलिव्हचा सगळ्यात मोठा मुलूख आहे. कारण किनाऱ्याला लागून वाहणारा हम्बोल्टचा थंड सागरी प्रवाह. त्या प्रवाहामुळे तिथला जुलै दुपारीही २० अंशांच्या आसपास अडकून राहतो. आणि एल निन्योच्या वर्षी हाच समुद्र दोन-तीन अंशांनी तापला, की त्याचा फटका मोहराला बसतो. २०२३ चा हिवाळा असाच उबदार गेला आणि २०२४ ची काढणी कोसळली. हजारो हेक्टर बागांचं भवितव्य समुद्राच्या दोन-तीन अंशांवर लटकलेलं असतं.

पेरूत ऑलिव्ह पोहोचलं तीही आकड्यांचीच गोष्ट आहे. १५६० मध्ये अंतोनिओ दे रिबेरा यानं सेव्हिलहून शंभराहून अधिक रोपं जहाजावर चढवली. लिमाला पोहोचेपर्यंत तीन जगली. त्या तिघांना त्यानं आपल्या बंदिस्त मळ्यात लावलं आणि राखणीला शंभरावर कृष्णवर्णीय गुलाम आणि तीस कुत्रे ठेवले, असं इंका गार्सिलासो दे ला वेगा या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. तीन रोपं, शंभरावर माणसं. एवढं करूनही एक रोप चोरीला गेलंच, आणि ते थेट चिलीत जाऊन पोहोचलं. ज्या माणसांना तिथं उभं केलं होतं त्यांच्या आयुष्याची किंमत त्या काळानं रोपट्याहून कमी धरली होती, हे वाचताना नजरेआड करता येत नाही. लिमाच्या सान इसिद्रो भागात एल ओलिवार नावाची जुनी ऑलिव्हबाग आज शहराच्या मधोमध आहे. सोळाशेपेक्षा जास्त झाडं, आणि भोवती घरं.

भारतातला मोठा प्रयोग राजस्थानचा. २००८ मध्ये इस्राएलहून १,१२,००० रोपं आणून सरकारी शेतांवर १८२ हेक्टरांत लावली गेली. राजस्थानचं कृषी पणन मंडळ, इस्राएली कंपनी आणि पुण्याची फिनोलेक्स प्लासन असे तिघे त्यात भागीदार होते. ठिबकचं पाणी, वाळवंटातल्या थंडगार रात्री, सगळं जुळवलेलं होतं. २०१४ मध्ये बिकानेरजवळच्या लूणकरणसरला तेलाची गिरणीही उभी राहिली. पण झाडं जगवणं आणि झाडांनी दरवर्षी मोहरणं यांत किती अंतर असतं ते या प्रयोगानं दाखवलं. पुढे तिथं पानांचा चहाही विकायला आणला गेला. पानं मात्र ऑलिव्ह कुठंही देतं.

थंडी हवी, पण तिलाही हद्द आहे. उणे ७ अंशांच्या खाली पानं आणि कोवळ्या फांद्या जळतात, उणे १२ च्या खाली खोडच धोक्यात येतं. १९५६ च्या फेब्रुवारीत दक्षिण फ्रान्समध्ये उबदार जानेवारीनंतर अचानक पारा उणे १५ च्याही खाली उतरला. झाडांत रस चढू लागला होता, तो आतल्या आत गोठला आणि साली फाटल्या. लाखो झाडं जमिनीलगत कापावी लागली. आज प्रोव्हान्समध्ये एकाच बुंध्याभोवती तीन-चार खोडं उभी असलेली ऑलिव्हची झाडं ठिकठिकाणी दिसतात. १९५६ मध्ये कापलेल्या खोडांना मुळाशी फुटलेले ते धुमारे आहेत.

मुळातून पुन्हा फुटण्याच्या या ताकदीमुळे ऑलिव्हचं वय मोजणं अवघड होऊन बसतं. क्रीट बेटावरच्या आनो वूव्हेस गावात एक झाड आहे, त्याच्या खोडाचा घेर १२.५ मीटर. किमान दोन हजार वर्षांचं असावं असा अंदाज आहे, पण आतला गाभा कधीच कुजून गेल्यामुळे वर्तुळं मोजायला लाकूडच शिल्लक नाही. झाड आजही फळतं. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये विजेत्यांच्या मुकुटांसाठी त्याच्या डहाळ्या नेल्या होत्या. जेरुसलेमच्या गेथसेमनी बागेतल्या आठ जुन्या झाडांपैकी तिघांच्या लाकडाचं कार्बन पद्धतीनं वय काढता आलं. इटालियन संशोधकांनी २०१२ मध्ये सालं जाहीर केली: १०९२, ११६६ आणि ११९८. आपल्याकडे भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. ती लिहिली जात होती तेव्हा यातल्या एका झाडाचं खोड पन्नाशी ओलांडून गेलं होतं. त्याहून मोठी गंमत जनुकांची. आठही झाडं जनुकांनी एकच निघाली. म्हणजे कोणीतरी एकाच झाडाच्या फांद्या तोडून आठ ठिकाणी लावल्या होत्या.

घरी लावणाऱ्यानं हीच रीत धरावी. फांदीपासून केलेलं रोप तीन ते पाच वर्षांत फळू लागतं. बीपासून वाढवलेल्या झाडाला दहा वर्षंही पुरत नाहीत, आणि फळ आईसारखं येईल याची खात्री नाही. बरणीतलं ऑलिव्ह खाऊन आठळी कुंडीत खोचणारे पुष्कळ असतात. ती आठळी मिठात, बऱ्याचदा कॉस्टिक सोड्यात आणि वर उष्णतेत पडून गेलेली असते. ती कधीच उगवणार नाही. कुंडीसाठी आर्बेकिना ही कॅटालोनियातली जात बरी. झाड आटोपशीर, थंडीची भूक तुलनेनं कमी, आणि स्वतःच्या परागावरही थोडंफार फळ धरतं. फळ मात्र बारीक, दोन ग्रॅमच्या आत-बाहेर. कुंडीतल्या झाडानं दोन किलो दिले तर ती हजारभर फळं होतात. फळं येतात ती गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर, म्हणून हिवाळ्यात झाड सुबक दिसावं म्हणून सरसकट छाटणाऱ्याच्या हातून पुढच्या वर्षीचा मोहरच कापला जातो. आणि एका वर्षी लगडलेलं झाड दुसऱ्या वर्षी बहुधा रिकामं राहतं, कारण वाढत्या आठळीतलं बी पुढच्या हंगामाचे फुलडोळे तयार होण्यात अडथळा आणतं. हे टाळायचं तर मोहर गळून गेल्यावर लवकरच निम्मी फळं हातानं काढून टाकावी लागतात. ४,९४,००० झाडानं टाकलेली असताना आणखी तीन हजार आपण टाकायची. हात धजावत नाही, पण जे धीर करतात त्यांना दरवर्षी फळ मिळतं.

झाडावरून थेट तोडून ऑलिव्ह खाल्लं आहे का? खाऊ नका असं सांगण्यापेक्षा एकदा खाऊन पाहा असंच मी म्हणेन. जिभेच्या मुळाशी बसलेला तो कडूपणा पाण्यानं जात नाही. ओलियोरोपिन नावाचं हे द्रव्य फ्रेंच संशोधकांनी १९०८ मध्ये वेगळं केलं. कोवळ्या फळाच्या सुक्या वजनात ते १४ टक्क्यांपर्यंत असू शकतं. सात ग्रॅम सुक्या गरात एक ग्रॅम कडू. जगातल्या सगळ्या बरण्या, डबे आणि लाकडी पिंपं या एका रेणूला बाहेर काढण्यासाठी आहेत.

घरी त्याच्या चार वाटा आहेत, आणि चौघींचा वेग वेगळा. फळं दगडानं हलकेच ठेचून पाण्यात बुडवायची आणि पाणी रोज बदलायचं: आठवडाभरात, कधी थोडं जास्त लागून, खाण्याजोगी होतात. अख्खी फळं मिठाच्या पाण्यात मुरवायची, तर महिने लागतात. पिकून काळी झालेली फळं कोरड्या मिठात पुरायची, म्हणजे ती सुरकुतून आत आत गोड होतात. आणि चौथी वाट कॉस्टिक सोड्याची. पाण्यात दोन टक्क्यांच्या आतबाहेर सोडा, त्यात फळं, आणि अर्ध्या-एक दिवसात काम खलास. त्यानंतर सोडा धुऊन काढायला मात्र कित्येक दिवस पाणी बदलत राहावं लागतं. अधूनमधून एक फळ सुरीनं कापून पाहायचं. सोडा जिथवर शिरला असेल तिथवरचा गर पिवळट हिरव्या रंगाचा होतो आणि आत पांढरट गाभा राहतो. तो रंग आठळीला टेकला की थांबायचं. हातमोजे आणि चष्मा लावूनच हे करायचं, ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात घ्यायचं नाही. मला स्वतःला ठेचलेल्या फळांची पहिली वाट पसंत आहे. तिच्यात थोडा कडूपणा मागे उरतो, आणि तो उरायलाच हवा.

कॅलिफोर्नियातला काळ्या डबाबंद ऑलिव्हचा सगळा धंदा एका घराच्या मागच्या ओसरीवर सुरू झाला, हे मला फार आवडतं. १८९० च्या दशकात फ्रेडा एमान ही पन्नाशी उलटलेली जर्मन विधवा. हाती उरलेली एक ऑलिव्हबाग आणि डोक्यावर कर्ज. बर्कलीच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक युजीन हिल्गार्ड यांच्याकडून तिनं खारवण्याची कृती घेतली आणि ओकलंडला मुलीच्या घराच्या मागच्या ओसरीत पिंपं मांडून २८० गॅलन ऑलिव्ह तयार केली. हजार लिटरहून जास्त. सगळी विकली गेली. तिथून तिनं ओरोव्हिलमध्ये कारखाना उभा केला.

पण याच काळ्या ऑलिव्हनं एक भयंकर धडाही दिला. ऑगस्ट १९१९ मध्ये ओहायोतल्या कँटन शहराजवळ एका मेजवानीत वाढलेल्या ऑलिव्हमधून बोटुलिझम ही जिवाणूच्या विषानं होणारी विषबाधा झाली आणि सात माणसं दगावली. पुढच्या महिन्यांत आणखी शहरांतून तशाच बातम्या आल्या. हे विष किती लागतं? ७० किलोच्या माणसाला तोंडावाटे सुमारे ७० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चौदा हजारावा भाग. त्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात, १०० अंशांवर, तासन्‌तास टिकतात. म्हणून डबाबंद ऑलिव्ह दाबाखाली ११६ अंशांवर तापवण्याची सक्ती आली, आणि कॅलिफोर्नियात १९२५ मध्ये डबाबंद अन्नाच्या तपासणीचा कायदा झाला. घरी करणाऱ्यानं हे अक्षरशः पाळावं: सोड्यानं कडूपणा काढलेली फळं आंबट नसतात, त्यामुळे ती बाटलीत घट्ट बंद करून फडताळात ठेवायची नाहीत. फ्रिजमध्ये ठेवायची आणि लवकर संपवायची. मीठ आणि आंबटपणा पुरेसा असलेल्या बरणीची गोष्ट वेगळी.

एक शत्रू आणखी आहे. ऑलिव्ह फळमाशी कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये लॉस एंजलिसला पहिल्यांदा सापडली आणि काही वर्षांत राज्यभर पसरली. एक मादी ५० ते ४०० अंडी घालते, बहुधा एका फळात एक. सहा हजार फळांचं झाड पंधरा माद्या संपवू शकतात. म्हणून ज्यांना फळं नको असतात त्यांनीही ती झाडावर किंवा जमिनीवर सोडू नयेत. एका अंगणातलं दुर्लक्ष अख्ख्या गल्लीला भोवतं.

आता अंगण सोडून जरा दूर पाहू. रोम शहरात तिबेर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्यो नावाची टेकडी आहे. ३५ मीटर उंच, घेर साधारण एक किलोमीटर. ती मातीची किंवा दगडाची नाही. ती फुटक्या तेलघड्यांची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पेन आणि उत्तर आफ्रिकेहून आलेलं ऑलिव्ह तेल इथं उतरवलं गेलं. एका घड्यात सुमारे ७० लिटर तेल, रिकाम्या घड्याचं वजन ३० किलो. खापरात मुरलेलं तेल खवट व्हायचं म्हणून घडे पुन्हा वापरता येत नसत. ते फोडून रचत गेले आणि वास मारायला वरून चुना टाकत गेले. अनेक खापरांवर वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासणीच्या नोंदी शाईनं लिहिलेल्या आहेत. हाइनरिक ड्रेसेल यानं १८७२ पासून त्या वाचायला घेतल्या. घडे किती? कमीत कमी अडीच कोटी, एका अंदाजानं ५ कोटी ३० लाख.

खालचाच आकडा धरू. अडीच कोटी घडे म्हणजे १७५ कोटी लिटर तेल. आपल्या अंगणातल्या झाडाच्या हिशेबानं वर्षाला पाच लिटर धरले, तर ३५ कोटी झाडांची एकेका वर्षाची काढणी. प्रत्येकी पाच लाख फुलं, म्हणजे १७५ वर बारा शून्यं. कोटीची भाषा इथं अपुरी पडते. लीलावतीत एकं, दशं, शतं असं चढत गेलेलं कोष्टक अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू ओलांडून जलधीला पोहोचतं. एकावर चौदा शून्यं म्हणजे जलधी. त्या एका टेकडीमागे उमललेली फुलं पावणेदोन जलधी भरतात, आणि त्यातली जवळजवळ सगळी गळून मातीत गेली.

आज जगात सुमारे १.१ कोटी हेक्टर ऑलिव्ह आहे, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त. एकट्या हाएन प्रांतात ६ कोटींहून अधिक झाडं आहेत आणि माणसं सव्वासहा लाखांच्या आसपास. माणशी शंभर झाडं. तिथल्या एखाद्या टेकडीवर उभं राहिलं की क्षितिजापर्यंत ठिपक्यांच्या ओळी, मध्ये दुसरं काही नाही. एवढा अफाट पसारा, तरीही दरवर्षीचा निकाल मोहराच्या त्या काही आठवड्यांतच लागतो. मे २०२२ मध्ये स्पेनमध्ये मोहराच्या दिवसांत उष्णतेची लाट आली, पाऊस आधीच कमी होता. आदल्या हंगामात जवळपास १५ लाख टन तेल काढणाऱ्या स्पेननं त्या हंगामात ६.६५ लाख टन काढलं. त्यानंतर जगभरच्या दुकानांत ऑलिव्ह तेलाचे भाव कसे चढले हे आपणही पाहिलं.

इटलीच्या दक्षिण टोकाला त्याहून वाईट घडलं. २०१३ मध्ये सालेन्तो भागातल्या गाल्लिपोली गावाजवळ झाडं शेंड्याकडून वाळताना दिसली. झायलेला हा जिवाणू झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजवतो. तो मध्य अमेरिकेतून, बहुधा शोभेच्या कॉफीच्या रोपावरून आला आणि थुंकीसारखा फेस करणाऱ्या एका किड्यानं बागोबाग नेला. मेलेल्या आणि रोग लागलेल्या झाडांचा अंदाज २.१ कोटींचा आहे. त्यातली कित्येक काही शतकांची होती, घराण्यांच्या वाटण्यांमध्ये झाडागणिक नोंदलेली. त्या मुलखात मेलेल्या बागांमधून फिरताना शोधकांना मधूनच हिरवी राहिलेली झाडं दिसली. लेचिनो आणि फाव्होलोसा या दोन जातींत जिवाणू शिरतो, पण झाड मरत नाही. आता तिथले शेतकरी अजून धुगधुगी असलेल्या जुन्या खोडांवर या दोन जातींच्या काड्या कलम करत आहेत, आणि स्पेनमधल्या कोर्दोब्याच्या जनुकसंग्रहात लावून ठेवलेल्या नऊशेंहून अधिक नमुन्यांमधून आणखी कोणती जात तग धरेल याचा शोध चालू आहे. उबदार हिवाळ्यातही मोहरणारी जातही याच संग्रहात शोधली जाते आहे. ती सापडली, तर पुण्या-नाशिकच्या अंगणातल्या झाडांचा प्रश्नही सुटू शकेल.